हवेतलं गायरान : बिनपरवाना लहरींवर कोणाचा डोळा?

खालापूरच्या टोलनाक्यावर गाडीचा वेग कमी होतो. लेनवर बसवलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहर सोडतो. काचेवरच्या फास्टॅगला स्वतःची बॅटरी नसते. त्यातली चिप त्या लहरीच्याच ऊर्जेवर जागी होते, आपला क्रमांक परत धाडते आणि दांडा वर जातो. टोल कापला जातो, पण ज्या लहरीवरून हा व्यवहार झाला तिचं भाडं ना टोलवाल्याला पडतं, ना तुम्हाला. हा पट्टा मार्च २००५ पासून बिनपरवाना आहे. घरचं वाय-फाय, कानातलं ब्लूटूथ, सोसायटीच्या टाकीतली पाण्याची पातळी कळवणारा लोरा (थोडी माहिती कमी ऊर्जेत लांब धाडणारं रेडिओ तंत्र) सेन्सर ही सगळी याच जातीची यंत्रं.

मराठी वर्तमानपत्रं स्पेक्ट्रमला ‘ध्वनिलहरी’ म्हणतात. टूजीच्या दिवसांत तर हा शब्द मथळ्यांतून हलत नव्हता. ध्वनीचा इथे काहीही संबंध नाही. या रेडिओ लहरी आहेत. सरकार त्यांचे पट्टे वाटून देतं : हा विमानांचा, हा पोलिसांचा, हा उपग्रहांचा, हा मोबाइल कंपन्यांनी लिलावात घेतलेला. वाटणी झाल्यावर जे थोडे तुकडे सगळ्यांसाठी सोडले, ते गावच्या गायरानासारखे. सातबाऱ्यावर नाव सरकारचं, चराई सगळ्या गावाची. आणि गायरानांचं गावोगाव जे झालं तेच यांचंही होऊ पाहतंय. आधी कडेला एक टपरी, मग कुंपण, मग कुणीतरी ग्रामसभेत उठून म्हणतं, ‘जागा तशी पडीकच आहे, सत्कारणी लावू.’

उपमा एका ठिकाणी तुटते, ते आधीच सांगायला हवं. गवत चरून संपतं, लहर संपत नाही. उलट, हा सेकंद कुणी वापरला नाही तर तो कायमचा वाया गेला. आणि एकाच जागी, एकाच वेळी, एकाच चॅनेलवर दोघे बोलले तर दोघांचंही वाया जातं. त्यामुळे हवेतल्या गायरानाचे नियम किती चरायचं याचे नसतात. किती मोठ्याने बोलायचं आणि कधी गप्प बसायचं याचे असतात.

भारतातला जानेवारी २००५ चा २.४ गीगाहर्ट्झचा नियम बघा. ट्रान्समीटरची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती ४ वॅट, अँटेना इमारतीच्या गच्चीपासून ५ मीटरच्या आत. एवढं पाळलं की परवाना नको. यंत्र बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने दूरसंचार विभागाकडून ईटीए, म्हणजे यंत्राच्या प्रकाराची मंजुरी, घेतली की झालं. तुम्ही दुकानातून राउटर आणून पिन खुपसता, ती याच सवलतीच्या जोरावर.

खरी मेख मात्र पुढच्या अटीत आहे. बिनपरवाना यंत्राने दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याकडून त्रास झाला तर संरक्षण मागायचं नाही. शेजारच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमुळे (तोही २.४५ गीगाहर्ट्झवरच चालतो) तुमचं वाय-फाय अडखळलं तर तक्रार करायला जागा नाही. ओव्हनच्या बाबतीत हे चालून जातं. पण शेजारी ओव्हन नसून मोठी कंपनी असेल, तरी कायदा तुम्हाला तेच सांगतो. पुढे येणारी बहुतेक प्रकरणं याच अटीच्या फटीतून आत शिरलेली आहेत.

दाब येतो कुठून

पैशापासून सुरुवात करू. २०२२ च्या लिलावात ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची देशभरासाठीची राखीव किंमत, म्हणजे किमान बोली, होती मेगाहर्ट्झला ३१७ कोटी रुपये. त्याच भावाने ५०० मेगाहर्ट्झचे होतात १,५८,५०० कोटी. दुसऱ्या पट्ट्याला तोच भाव मिळेल असं मुळीच नाही, पण अर्थखात्यातल्या माणसाला कागदावर हा आकडा दिसतो. समोरच्या रकान्यात, म्हणजे पट्टा मोकळा सोडल्यास, शून्य. वाय-फायवर चालणारे लाखो धंदे कर भरतात, पण तो कर ‘स्पेक्ट्रमचं उत्पन्न’ या नावाने कुठे जमा होत नाही.

दुसरी बाजूही डोळ्यांसमोर ठेवावी. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१ अशा दोन लिलावांत कुणी घेतलाच नाही. २०२४ च्या लिलावात सुमारे १०,५०० मेगाहर्ट्झ मांडले आणि विकले गेले १४१ च्या आसपास. न विकलेला पट्टा इतकी वर्षं रिकामा वाहिला. त्याचा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

कायद्याचा दाब वेगळा. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने, बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि सार्वजनिक यंत्रणेने लोकहितासाठी तिचं नियमन करावं, असं सांगितलं. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. गंमत म्हणजे दोन्ही पक्ष हाच निकाल दाखवतात. मोकळ्या पट्ट्यांचे समर्थक म्हणतात, लोकांची मालमत्ता लोकांना वापरू द्या. कंपन्या म्हणतात, लोकांची मालमत्ता फुकट का वाटता? फेब्रुवारी २०१२ मध्ये टूजीचे १२२ परवाने रद्द झाले आणि ‘लिलावच हवा’ हे पालुपद पक्कं झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर, न्यायालयाने लिलाव हा नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा एकमेव घटनात्मक मार्ग नाही, असं स्पष्ट केलं. ते उत्तर मात्र फारसं कुणी उद्धृत करत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही लिलाव हा नियम आणि बाकीचे मार्ग अपवाद, अशीच मांडणी आहे.

६ गीगाहर्ट्झ : भांडण नेमकं कशाचं

वाय-फायचे जुने दोन पट्टे अपुरे पडायला लागलेत. २.४ गीगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत मोबाइलवर वाय-फाय अ‍ॅनालायझर उघडा, या तीन चॅनेलांवर वीस-पंचवीस घरं एकमेकांवर रचलेली दिसतील. ५ गीगाहर्ट्झमध्ये भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, पण त्यांचे तुकडे आहेत. १६० मेगाहर्ट्झ रुंदीचे सलग चॅनेल त्यातून दोनच निघतात.

म्हणून डोळा गेला ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झवर. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये हे सगळे १२०० मेगाहर्ट्झ बिनपरवाना केले. एटी अँड टी ही मोबाइल कंपनी कोर्टात गेली. डिसेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय बहुतांशी कायम ठेवला. युरोपने खालचे ४८० मेगाहर्ट्झ मोकळे केले. चीनने उलट दिशा धरली आणि २०२३ मध्ये वरचा भाग, ६४२५ ते ७१२५, मोबाइलला दिला. भारतात मोबाइल कंपन्यांची संघटना सीओएआय सगळा पट्टा मोबाइलसाठी मागत राहिली, तर ब्रॉडबँड इंडिया फोरम हा तंत्रज्ञान कंपन्यांचा मंच तो मोकळा करण्याच्या बाजूने. हे चाललं असताना नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ प्रो भारतात आणलं नाही आणि कारण दिलं ते हेच : त्यातल्या वाय-फाय ७ ला लागणारा ६ गीगाहर्ट्झ इथे तेव्हा खुला नव्हता. तज्ज्ञांच्या टिपणांनी जे झालं नसतं ते झालं. गेम खेळणाऱ्या पोरांना स्पेक्ट्रम धोरण कळलं.

मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मसुदा प्रसिद्ध केला : ५९२५ ते ६४२५, म्हणजे खालचे ५०० मेगाहर्ट्झ, बिनपरवाना. यातून २० मेगाहर्ट्झचे २४ चॅनेल निघतात, १६० चे तीन, आणि ३२० चा, ज्यासाठी वाय-फाय ७ ची जाहिरात होते, फक्त एक. शेजारच्या तीन फ्लॅटनी ३२० लावलं तर तिघे एकाच चॅनेलवर.

शक्तीचे आकडे नीट वाचायला हवेत, कारण मोकळं केलं असं म्हणून आवळायचं असेल तर ते इथेच करता येतं. डीबीएम हे शक्तीचं माप : ३ वाढले की शक्ती दुप्पट, १० वाढले की दहापट. मसुद्यात घराच्या आत ३० डीबीएम, म्हणजे १ वॅट. पण त्याचबरोबर दर मेगाहर्ट्झला ११ डीबीएमची मर्यादा. आता हिशेब करा. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलला ११ मध्ये १३ (वीसपट म्हणजे १३) मिळवायचे : २४ डीबीएम, पाव वॅट. ४० ला अर्धा वॅट. पूर्ण १ वॅट ८० मेगाहर्ट्झपासून पुढे. म्हणजे ‘१ वॅट’ हा आकडा रुंद चॅनेलवाल्यांनाच लागू पडतो. घराबाहेर १४ डीबीएम, २५ मिलिवॅट. एवढ्यात फोन ते चष्मा किंवा फोन ते घड्याळ चालेल. शाळेच्या मैदानावर वाय-फाय पोचणार नाही.

घराच्या आत-बाहेर एवढा फरक का? या पट्ट्यात जमिनीवरून उपग्रहाकडे जाणारी संदेशवहनाची लिंक चालते. एका राउटरने ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाला काही होत नाही. भीती लाखो राउटरांच्या एकत्रित गोंगाटाची. भिंती आणि स्लॅब तो गोंगाट खाऊन टाकतात, म्हणून आत सूट. आणि इथेच मोबाइल कंपन्यांच्या मागणीतला कच्चा दुवा सापडतो. मोबाइल टॉवर बाहेर, उंचावर आणि वाय-फायच्या कित्येक पट शक्तीने चालतो. खालचा पट्टा त्यांना दिला तर आधी उपग्रहाच्या लिंक हलवाव्या लागतील. कमी शक्तीचं वाय-फाय त्यांच्या शेजारी आजच राहू शकतं. दाट शहरांत फाइव्ह-जीची क्षमता वाढवायला मधल्या पट्ट्यातली जागा लागते, हे कंपन्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ते वरच्या अर्ध्याबद्दल जितकं पटतं तितकं खालच्याबद्दल पटत नाही.

कुंपण न घालता जागा बळकावणं

बाहेरून पट्टा मोकळाच राहतो, आत शिरलेला मात्र सगळ्यांना मागे रेटतो, असा प्रकार २०१४ ते २०१७ दरम्यान अमेरिकेत गाजला. नाव एलटीई-यू. मोबाइल कंपन्यांनी आपलं फोर-जी ५ गीगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात चालवायचं ठरवलं. नियमाने त्यांना मनाई नव्हती. गायरानात कुणीही यावं.

वाय-फाय बोलण्याआधी ऐकतं. ५ गीगाहर्ट्झमध्ये चॅनेल किमान ३४ मायक्रोसेकंद शांत आहे का बघतं, मग ९-९ मायक्रोसेकंदांच्या खाचांपैकी एक चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतं, तोवर थांबतं आणि मग बोलतं. एलटीई-यू असं थांबत नव्हतं. ते घड्याळ लावून चालायचं : काही मिलिसेकंद चालू, काही बंद. ‘चालू’ची वेळ आली की मध्येच कुणी बोलत असलं तरी सुरू. आता वाय-फायच्या बाजूने बघा. पॅकेट अर्ध्यात मोडलं, पोच आली नाही. राउटरला वाटतं, सिग्नल कमजोर झाला. तो वेग उतरवतो. वेग उतरला की तेच पॅकेट पाठवायला जास्त वेळ लागतो, म्हणजे पुढच्या ‘चालू’च्या तडाख्यात सापडण्याची शक्यता आणखी वाढते. वापरणाऱ्याला फक्त ‘आज नेट स्लो आहे’ एवढंच दिसतं.

पुढची आवृत्ती, एलएए, ऐकून बोलणारी होती. तरी एक बारीक अडचण उरली. वाय-फाय दुसऱ्या वाय-फायची हाक उणे ८२ डीबीएम इतकी क्षीण असली तरी ओळखतं, कारण भाषा एकच. परक्या भाषेतला आवाज मात्र त्याला नुसता गोंगाट. तो उणे ६२ डीबीएमपर्यंत चढेपर्यंत त्याला चॅनेल रिकामंच वाटतं. या २० डेसिबलच्या खिंडीत, म्हणजे शंभर पटींच्या फरकात, दोघे एकमेकांवर बोलत राहतात.

त्याहून मुद्द्याची गोष्ट तंत्रात नव्हती. एलटीई-यूला आधाराला परवाना असलेला पट्टा लागायचा. म्हणजे ज्याची स्वतःची बागायत आहे त्यालाच गायरानात गुरं सोडायचं हे यंत्र उपलब्ध, भूमिहीनाला नाही.

उघड दांडगाईचंही एक उदाहरण आहे. नॅशव्हिलमधल्या गेलॉर्ड ऑप्रिलँड या, मॅरियट चालवत असलेल्या, हॉटेलात परिषदेला आलेल्यांनी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावला की तो तुटायचा. हॉटेलची यंत्रणा त्यांच्या जोडणीला ‘तुटा’ असा खोटा संदेश पाठवायची. आणि हॉटेलचं वाय-फाय हवं असेल तर यंत्रामागे २५० ते १००० डॉलर. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ऑक्टोबर २०१४ मध्ये ६ लाख डॉलरचा दंड केला. मोकळा पट्टा म्हणजे कुणीही कुणाचंही तोडावं असा नाही, हे त्यातून ठरलं. तंत्राची बाजू अशी की जुन्या वाय-फायमध्ये हे ‘तुटा’ संदेश बिनकुलपाचे असत. ६ गीगाहर्ट्झमध्ये डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत सक्तीची आहे आणि त्यात हे संदेश शिक्कामोर्तब होऊनच चालतात.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे नकाशाच बदलून मागणं. एप्रिल २०२४ मध्ये नेक्स्टनॅव्ह या कंपनीने अमेरिकेतल्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची फेरमांडणी मागितली : १५ मेगाहर्ट्झ आपल्याला, त्यावर फाइव्ह-जी आणि जीपीएसला पर्याय. कारण वजनदार आहे, जीपीएस खरोखरच नाजूक आहे. पण त्या पट्ट्यात तिथले लोरा सेन्सर, आरएफआयडी (फास्टॅगसारखे टॅग वाचणारे) रीडर, टोलचे टॅग आणि हौशी रेडिओवाले राहतात. आपल्याकडे ८६५ ला जे घडतं ते तिकडे ९१५ ला घडतं. संरक्षण मागायचं नाही ही अट त्यातल्या बिनपरवाना यंत्रांनाही लागू असल्यामुळे त्यांना हक्क सांगता येत नाही, विनंती करता येते.

भारतात एक दाब लहरींवर न येता मागच्या तारेवर येतो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाच्या टपरीवालाही सार्वजनिक वाय-फाय विकू शकतो, परवान्याविना. पण त्याला मागून ब्रॉडबँड घ्यावं लागतं, आणि कंपन्या ते घरगुती दराने न देता महागड्या व्यावसायिक जोडणीच्या दराने देऊ पाहत होत्या. जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. लहर फुकट ठेवून नळ महाग करणं ही जुनीच युक्ती आहे.

घरी आणि मसुद्यावर काय करावं

२.४ गीगाहर्ट्झला रुंदी २०च ठेवा. ४० ठेवलं तर तीनपैकी दोन चॅनेल एकट्याने अडवता, आणि गर्दीत तुमचाही वेग वाढत नाही. ५ गीगाहर्ट्झला ८० पुरे. ६ गीगाहर्ट्झचं राउटर घेतलं आणि फोनला नेटवर्क दिसतच नसेल, तर आधी सुरक्षा डब्ल्यूपीए३ आहे का बघा, नंतर चॅनेल. या पट्ट्यात फोन सगळे चॅनेल धुंडाळत नाही. ५, २१, ३७, ५३, ६९, ८५ अशा ठरावीक चॅनेलांवर आधी शोधतो. राउटरच्या सेटिंगमध्ये देश बदलून अमेरिका करण्याचा सल्ला युट्यूबवर सर्रास मिळतो. त्याने राउटर ६४२५ च्या वर, म्हणजे इथे परवानगी नसलेल्या जागी, जाऊन बसू शकतो. भारतातला फोन तिथे बहुधा त्याच्याशी बोलणारही नाही.

मसुदे राजपत्रात येतात आणि हरकतींना साधारण ३० दिवस असतात. ट्रायच्या सल्लापत्रावर आधी मतं, मग एकमेकांच्या मतांवर प्रतिमतं मागवली जातात आणि ती सगळी संकेतस्थळावर टाकली जातात; कंपन्यांची पत्रं वाचायची तर तिथेच. ‘लोकांना मोफत स्पेक्ट्रम हवं’ अशा पत्राचा उपयोग नसतो. कलम धरून, आकडा धरून लिहावं. उदाहरणार्थ, मे २०२५ च्या मसुद्यात वाहनांच्या आत या पट्ट्याचा वापर बंद ठेवला होता. ड्रोनवरही बंदी होती. विमानात मात्र १०,००० फुटांच्या वर सूट. म्हणजे मोकळ्या माळावर २५ मिलिवॅट चालतात आणि एसटीच्या पत्र्याच्या डब्यात तेच २५ मिलिवॅट चालत नाहीत. त्यावर हरकत लिहायची होती ती अशी : ‘१४ डीबीएमची मर्यादा कायम ठेवून बस आणि मोटारींवरची बंदी काढावी, पत्र्यामुळे बाहेर पडणारी शक्ती कमीच होते, वाढत नाही.’ दोन ओळी, एक आकडा, एक कारण. पुढची जागतिक रेडिओ परिषद २०२७ मध्ये शांघायला आहे आणि मोबाइलसाठी तपासायच्या पट्ट्यांत ७१२५ ते ८४०० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे वाय-फायच्या कुंपणाला लागून असलेला पुढचा गट नंबर.